चाळीस आणि एक

अरबा मिंच म्हणजे चाळीस झरे.
डोंगराच्या पोटातून, रानअंजिराच्या मुळांखालून फुटणारे.
ते खरंच चाळीस आहेत का, कुणी मोजलेलं नाही.
मोजतात ते मला.

दर मेस्केरेममध्ये, माळावर पिवळी फुलं आली की
रजिस्ट्रारच्या कचेरीतून एक मुलगा येतो तक्ता घेऊन.
जलअभियांत्रिकी विभाग. पुरुष किती, स्त्रिया किती.
मुलुनेहसर खुर्चीतून न उठता सांगतात,
चाळीस. आणि ही.

'बोटांवर मोजण्याइतक्या' असं मग अहवालात छापून येतं.
मला मोजायला एक बोट पुरतं,
आणि तेही बहुतेकदा माझ्याकडे रोखलेलं असतं.

सोळा वर्षं मी उघड्या कालव्यांतला प्रवाह शिकवते.
तळ जितका खरबरीत, तितकं पाणी मंद.
काँक्रीटचा गुणांक एवढा, मुरमाचा एवढा,
तण माजलेल्या चराचा विचारूच नका.
मागच्या बाकावरून हात वर होतो :
मॅडम, सर कधी येणार?
नवी तुकडी. दर वर्षी एक तरी.
मी खडू खाली ठेवत नाही.
म्हणते, आलेत. वही काढ.

बैठकीत कॉफीची वेळ झाली की
चाळीस माना वळतात,
जणू जेबेना मी पर्समध्येच घालून फिरते.
पहिल्या वर्षी ओतली. दुसऱ्या वर्षीही.
तिसऱ्या वर्षी इतिवृत्त लिहायला दिलं, अक्षर चांगलं म्हणून.
मी लिहिलं :
कॉफी कोणीही ओतली नाही. ती निवली.
ठराव क्रमांक चार.

बायकांचं स्वच्छतागृह ग्रंथालयापलीकडे.
तीनशे बारा पावलं.
थोरल्याच्या वेळी, सातव्या महिन्यात,
तीच वाट चारशे सहा भरली होती.
दोन्ही आकडे माझ्या डायरीत आहेत, तारखेसकट.

वडील देवळात पोथ्या उतरवायचे,
त्यांनी मला जुने गीझ अंक शिकवले.
त्यांत शून्य नाही.
चाळीसला एक खूण, एकला एक.
एक्केचाळीस लिहायचं तर आधी चाळीस,
मग शेजारी, जरा अंग चोरून, एक.
मला कधी कधी प्रश्न पडतो,
शून्यच नव्हतं, तर माझ्याआधी त्या रकान्यात
काय लिहीत असतील?
बहुधा रकानाच नसेल.

यंदा ब्रुक्तावित आली. भूजल शिकवते.
माझ्याहून वीतभर उंच, डोळ्यांना जाड चष्मा,
हसली की दोन वर्ग पलीकडे ऐकू जातं.
आठवड्याच्या आत मुलुनेहसर तिला अस्नाकेच म्हणू लागले
आणि मला ब्रुक्तावित.
विभागात तीन तेस्फाये आहेत,
त्यांच्यात आजवर कुणाचा घोटाळा झालेला नाही.

काल तिनं माझ्याकडे ग्रंथालयापलीकडची किल्ली मागितली.
मी देणार होते.
पण मग म्हटलं, थांब,
प्रयोगशाळेतून सर्वेक्षणाचा टेप घेऊन ये.

भर दुपारी निघालो आम्ही दोघी,
विभागाच्या उंबऱ्यापासून.
एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे.
जाकरांडाखाली बसलेली पोरं बघत राहिली.
मुलुनेहसर खिडकीत आले, आत गेले, परत आले.
इतकी वर्षं मी पावलांनी मोजत होते
ते हौसेनं नव्हे.
टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं.

दोनशे एकोणीस मीटर, ती पलीकडून ओरडली.
मी लिहून घेतलं.
आणि चार सेंटिमीटर, अस्नाकेच.
तेही लिही.